कावळ्यांची साक्ष

वीज कचेरीत त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. एरवी तो खार. अंगानं सडपातळ, उंचीनं बेताचा, आणि इतरांचा कमरेचा पट्टा बांधून होईस्तोवर हा खांबाच्या टोकाला पोचलेला. एकोणीस वर्षं तो तारांवर काम करत होता. पाय ठेवायच्या लोखंडी खुंट्या कुठे येतात, पक्कड कमरेला कुठल्या बाजूला लटकते, गाठ कुठून ओढायची, यातलं काही त्याला आठवावं लागत नसे. एकदा नवीन भरती झालेल्यांना शिकवायला साहेबांनी त्याला उभं केलं आणि विचारलं, "आधी कुठला पाय टाकायचा ते सांग यांना."  खार खांबापाशी जाऊन दोन खुंट्या चढला, खाली बघितलं आणि म्हणाला, "डावा."

जोडीला मेहुणा असे. बायकोचा धाकटा भाऊ. खारनंच त्याला कामाला लावलेला. एक जण वर, एक खाली. खालच्यानं दोर धरायचा, हत्यारं वर पाठवायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांना लांब ठेवायचं. पाळीपाळीनं चढायचं असा नियम होता, पण दहातल्या आठ वेळा वर खारच असे.

मधली दोन वर्षं दोघांची नेमणूक शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथून परत जुन्या भागात आले तो उन्हाळ्याचा पहिला आठवडा. छापखान्याच्या गल्लीत चौदा नंबरच्या खांबावर ढिली तार आवळायची होती. खार अर्ध्यावर पोचला असेल नसेल, तोच डोक्याच्या मागच्या बाजूला फाडकन काहीतरी बसलं. त्याला वाटलं, कुणी दगड मारला. वळून बघतो तर कावळा. एक गिरकी घेऊन सरळ तोंडाच्या रोखानं परत येत होता. त्याच्या मागून दुसरा. मग गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवरून कावकाव सुरू झाली.

"उतरा भाऊजी," मेहुणा खालून म्हणाला. "आधी उतरा."

खाली येऊन खारनं डोक्यामागे हात फिरवला. बोटांना रक्त लागलं.

"अंडी घातली असतील जवळपास," मेहुणा म्हणाला. "थांबा, मी जातो."

तो वर चढला, तार आवळली आणि सावकाश खाली आला. कावळे तारेवर ओळीनं बसून बघत राहिले. एकानंही पंख उघडला नाही.

तेव्हा दोघं हसले. पुढच्या आठवड्यात मात्र कुणाला हसू आलं नाही. खांबावर चढायचं दूरच, खार गल्लीच्या तोंडाशी दिसला तरी पहिला कावळा ओरडायचा आणि दहा-बारा जण गोळा व्हायचे. त्यानं हेल्मेट घातलं, तर त्यांनी मानेवर टोचलं. खाकी शर्टाऐवजी घरचा चौकटीचा शर्ट घालून बघितला, तरी तेच. कचेरीत चेष्टेला ऊत आला. "खारीच्या मागे कावळीण लागलीय," असं कुणीतरी फळ्यावर लिहून ठेवलं. साहेबांनी फाइलीतून डोकं वर न काढता निकाल दिला, "कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही. कामं करा."

"गाय खांबावर चढत नाही, साहेब," मेहुणा म्हणाला.

चौदा नंबरच्या खांबासमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, शास्त्राच्या बाई राहत. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती. एकट्याच. गॅलरीला लोखंडी जाळी, जाळीच्या आत कुंड्या, आणि कुंड्यांमध्ये एक खुर्ची. एका सकाळी खार डोक्यावर हात धरून खालून पळत होता, तेव्हा वरून आवाज आला, "सव्वीस. वर ये."

तो जागच्या जागी थांबला. सव्वीस हा त्याचा शाळेतला हजेरी नंबर. बाईंच्या वर्गात बावन्न मुलं होती आणि बाई नावं घेत नसत, नंबर घेत. त्याला तीस वर्षं होऊन गेली होती.

"बाई, तुम्हाला माझा नंबर आठवतो?" वर गेल्यावर त्यानं विचारलं.

"सगळ्यांचे आठवतात. सकाळची गोळी घेतली की नाही, ते आठवत नाही." त्यांनी टेबलावरची वही दाखवली. गोळी घेतली, गॅस बंद केला, दूधवाला येऊन गेला, प्रत्येक ओळीपुढे वेळ. "नवीन काही टिकत नाही आता. जुनं जसंच्या तसं आहे. डॉक्टर म्हणतात, हे असंच जातं, शेवटचं आधी." हे त्यांनी वर्गात धडा सांगावा तसं सांगितलं. मग वहीचं पान उलटलं. "हे बघ. मी लिहून ठेवलंय म्हणून मला माहीत आहे. गेल्या आठवड्यात तू पाच वेळा आलास, पाचही वेळा हल्ला. तुझा जोडीदार सहा वेळा आला, एकदाही नाही. तू काय केलंयस त्यांचं?"

"काही नाही, बाई."

"उद्या त्याला तुझं हेल्मेट आणि तुझा शर्ट घालून पाठव. तू तोंडाला फडकं बांधून ये."

तसं केलं. मेहुणा खारच्या वेषात गल्लीभर फिरला, कावळे ढिम्म. खार फडकं बांधून आला, तर कावळे या तारेवरून त्या तारेवर उड्या मारत बावचळल्यासारखे बघत राहिले. त्यानं फडकं सोडलं, आणि दोन सेकंदांत त्याला जिन्यात पळावं लागलं.

"तोंड," बाई म्हणाल्या. "त्यांनी तुझं तोंड लक्षात ठेवलंय. कावळा माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं विसरत नाही आणि पोरांनाही दाखवून ठेवतो. जे काही झालं असेल, तेव्हा यातले निम्मे तर जन्मलेही नसतील. त्यांना कारण माहीत नाही, फक्त तू माहीत आहेस."

"पण मी काही केलेलंच नाही तर?"

"माणसाचं काय असतं, सव्वीस," बाई म्हणाल्या, "आपण घडलेलं जसंच्या तसं ठेवत नाही. दर वेळी आठवताना नव्यानं मांडतो, आणि मांडताना आपल्या सोयीचं करतो. लबाडी नसते त्यात. आपल्याला ते तसंच दिसतं. कावळा असं करतो का, ते मला माहीत नाही. पण तू एकदा कुणाला तरी विचार."

घरी जाता जाता त्याला एक गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या टोकाला बदली व्हायच्या जरा आधी, याच खांबावर कावळ्यांनी तारांच्या तुकड्यांचं घरटं बांधलं होतं. त्यातला एक तुकडा लाइनला टेकला आणि हॉस्पिटलची वीज गेली. घरटं तातडीनं काढावं लागलं. त्याला सगळं लख्ख दिसत होतं: मेहुणा वर, हातात काठी, घरटं पालथं होऊन खाली येतंय, आणि आपण खालून ओरडतोय, "हळू, पिल्लं असतील."

दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यानं विषय काढला.

"हॉस्पिटलची लाइन गेली होती तेव्हाचं ते घरटं आठवतं का?"

मेहुण्याचा घास हातातच राहिला. "आठवतं."

"त्याचाच राग आहे त्यांचा. तू पाडलंस, आणि भोगतोय मी."

मेहुण्यानं घास परत डब्यात ठेवला. "भाऊजी, वर तुम्ही होतात."

"मी खाली होतो. मी म्हटलं तुला, हळू, पिल्लं असतील."

"ते मी म्हटलं होतं. खालून." मेहुणा हलक्या आवाजात बोलत होता, जणू शेजारी कुणी झोपलंय. "चार होती. दोन रस्त्यावर पडून मेली. तुम्ही उतरलात, बघितलंत आणि म्हणालात, चल, हॉस्पिटल थांबलंय. मी कधी बोललो नाही, कारण चूक नव्हतीच कुणाची. घाई होती."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मी कुठं तसं म्हणतोय? पण मग मला का नाही मारत ते?"

खारनं डबा बंद केला. खांबावरच्या माणसाचा जीव दोर धरणाऱ्याच्या हातात असतो. त्या दिवसापासून दोघं कामापुरतं बोलू लागले. सोड. ओढ. झालं. एवढंच. घरी बायकोला काहीतरी बिनसलंय हे कळत होतं, पण एकीकडे नवरा आणि दुसरीकडे भाऊ. ती दोघांना वाढायची आणि गप्प बसायची.

चौथ्या दिवशी खार पडला.

गल्लीच्या अलीकडच्या बाजूला, नऊ नंबरच्या खांबावर. तिथे कावळे येणार नाहीत असा त्याचा अंदाज होता. सकाळी दहाची वेळ होती, तो बराच वर होता, एवढं त्याला आठवतं. पंखांचा आवाज आठवतो. त्यानंतरचं थेट हॉस्पिटलचं छत. मधलं काहीच नाही, कोरं. गळपट्टीचं हाड मोडलं होतं आणि दोन बरगड्या. "एवढ्या उंचीवरून एवढ्यावर भागलं," डॉक्टर म्हणाले, "नशीब समजा."

मधल्या त्या कोऱ्या जागेत काय झालं असेल, याचा तो पडल्या पडल्या विचार करत राही, आणि विचार दर वेळी एकाच ठिकाणी जाऊन थांबे. दोर. त्यानं दोर सोडला तर नसेल? असला विचार मनात यावा याची त्याला लाज वाटे, आणि लाज वाटून झाली की तोच विचार पुन्हा येई.

मेहुणा रोज यायचा. खुर्चीत बसायचा, हात मांडीवर पालथे ठेवायचा. तिसऱ्या दिवशी बहिणीनं त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला, तेव्हा त्याला हात उलटा करावा लागला. दोन्ही तळव्यांवरची कातडी दोराच्या रुंदीनं सोलून निघाली होती. खाली लालभडक मांस दिसत होतं. खारनं ते बघितलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. 

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली. हाड जुळलं होतं, हात खांद्याच्या वर जात होता. कचेरीच्या आवारात सरावाचा एक खांब होता, त्याला ना तार ना वीज. खार त्याच्यापाशी गेला. पहिली खुंटी, दुसरी, तिसरी. चौथीला उजवा पाय उचलला आणि तो थरथरायला लागला. मग डावा.  त्याला भीती वाटत नव्हती, हीच मोठी गंमत होती. डोकं शांत होतं. पडल्याचं त्याला आठवतसुद्धा नव्हतं. पण पायांना काहीतरी ठाऊक होतं, आणि पाय त्याला विचारायला तयार नव्हते. तो उतरला. दहा मिनिटांनी पुन्हा चढला. चौथ्या खुंटीवर तेच.

साहेबांनी त्याला तक्रार नोंदवायच्या टेबलावर बसवलं. फोन घ्यायचा, पत्ता लिहायचा, जमलं तर जागेवर जाऊन बघून यायचं. मेहुण्याला नवीन जोडीदार मिळाला. हा नवा खारला कधी खार म्हणाला नाही, "काका" म्हणायचा. त्याचं खारला जास्त लागलं.

त्यानंतर महिनाभरानं ते वादळ आलं. पाऊस नव्हता, नुसता वारा. दुपारी तीनला सुरू झाला आणि अर्ध्या तासात निम्म्या शहरातली झाडं आडवी करून गेला. फोन खणखणत राहिले. छापखान्याच्या गल्लीतून फोन आला तेव्हा सगळ्या जोड्या बाहेर होत्या. मेहुण्याचा नवा जोडीदार दुसऱ्या गाडीवर गेला होता. मेहुणा एकटाच आवारात होता. "चला," तो खारला म्हणाला. मोटारसायकलवर दोघं गेले. 

गल्लीत पोचल्यावर दोघांनाही एकदमच दिसलं. चौदा नंबरच्या खांबावरून बाईंच्या इमारतीकडे गेलेली तार भिंतीकडून उखडली होती, आणि तिचं उघडं टोक दुसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी जाळीत अडकलं होतं. वारा आला की जाळीवर बारीक निळी ठिणगी उडत होती. जिन्याचं सरकतं दारही त्याच जाळीला जोडलेलं. म्हणजे वर जायची वाट बंद. गल्लीच्या टोकाची वीजपेटी, जिथून वीज तोडता आली असती, ती पडलेल्या झाडाखाली गाडली गेली होती.

मेहुण्यानं उपकेंद्राला फोन लावला. लागेना. दहा वेळा लावला.

"मी जातो," तो म्हणाला. "समोर उभं राहून बंद करायला लावतो. कुणाला जवळ येऊ देऊ नका." हत्यारांची पिशवी आणि पट्टा त्यानं तिथेच ठेवला आणि गाडी वळवली.

तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला, तेवढ्यात बाई गॅलरीत आल्या. अनवाणी. हातात झारी. कुंड्यांना पाणी घालून फरशी चिंब झाली होती.

"बाई," खार ओरडला, "जाळीला हात लावू नका. करंट आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. झारी ठेवली आणि आत गेल्या.

खारनं श्वास सोडला. छापखान्याचे मालक, दोन कामगार आणि समोरची शिवणकाम करणारी बाई अंतरावर उभी होती. दोनच मिनिटं झाली असतील. बाई पुन्हा बाहेर आल्या आणि खाली कसली गर्दी आहे ते बघायला सरळ जाळीकडे चालत आल्या.

"बाई, थांबा. जाळीला हात नका लावू."

हात वीतभर अंतरावर थांबला. "का रे?"

"करंट आहे, बाई."

"बरं." त्या मागे फिरल्या. दारापर्यंत गेल्या, तिथे थांबल्या, आणि आपण कशाला आलो होतो ते आठवत असल्यासारख्या वळल्या.

खारच्या लक्षात आलं, की हे असंच चालणार. दर दोन मिनिटांनी बाई पहिल्यांदाच बाहेर येणार. दहा वेळा सांगून दहा वेळा ऐकतील आणि अकराव्या वेळी त्याचा आवाज वाऱ्यात जाईल. उपकेंद्र वीस मिनिटांवर होतं. त्यांना नवीन काही सांगण्यात अर्थ नव्हता. जे काही धरून ठेवायचं, ते जुन्यातलंच हवं होतं.

"बाई," तो ओरडला, "आज हजेरी राहिली घ्यायची."

बाईंचा चेहरा बदलला. पाठ ताठ झाली. "राहिली?"

"हो, बाई. खुर्चीत बसा ना. सगळी मुलं आलीत."

बाई खुर्चीत बसल्या. खार छापखान्याच्या मालकाकडे वळला. "त्या नंबर घेतील, तुम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं हजर म्हणायचं. बावन्न आहेत. काही झालं तरी त्यांना उठू देऊ नका."

"आणि तुम्ही?"

खारनं पट्टा कमरेला बांधला, रबरी हातमोजे चढवले आणि पिशवीतलं फडकं तोंडाला गुंडाळलं. फक्त डोळे उघडे. तारांवर कावळे होतेच. वाऱ्यानं घरटी विस्कटलेली, सगळे बिथरलेले. पण फडकं बघून एकही हलला नाही.

"एक," वरून आवाज आला.

"हजर," मालक म्हणाले.

पहिली खुंटी. दुसरी. तिसरी. चौथीवर पाय आला आणि थरथर सुरू झाली. सबंध मांडी, मग पोटरी. खाली दोर धरायला कुणी नव्हतं. तो खांबाला मिठी मारून थांबला. पायांना समजावण्यात काही हशील नाही, हे त्याला सरावाच्या खांबावरच कळून चुकलं होतं. त्यानं पायांचा नाद सोडला आणि हातांकडे लक्ष दिलं. हात बिनचूक चालले होते. उजवा वर जाऊन पुढची खुंटी धरून बसलाही होता, त्यानं न सांगता. त्यानं अंग हातांच्या स्वाधीन केलं. पाय कापत कापत मागून आले.

"अकरा," बाई म्हणाल्या. कुणीतरी चुकून गप्प राहिलं. "अकरा नेहमीचाच गैरहजर. बारा."

"हजर."

सतराला तो निम्म्यावर होता. बाविसाला पट्टा खांबाभोवती टाकला. वाऱ्यानं खांब डुलत होता. पक्कड कमरेच्या उजव्या बाजूला होती, हात तिथेच गेला.

"सव्वीस."

"हजर," छापखान्याचा कामगार म्हणाला.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "हा सव्वीसचा आवाज नाही. दुसऱ्याची हजेरी कोण लावतंय? सव्वीस कुठे आहे?"

"आहे, बाई. इथेच आहे," मालक म्हणाले. पण बाई उठल्या होत्या. वर्गातल्या मागच्या बाकावर बघायला निघाल्यासारख्या त्या जाळीकडे येत होत्या. एक पाऊल. दोन.

खार फडक्याआडून ओरडला. वाऱ्यात ते त्यालाच ऐकू आलं नाही. त्यानं फडकं ओढून गळ्यात घेतलं.

"हजर, बाई. सव्वीस हजर. जागेवर बसा."

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. आणि कावळ्यांनीही.

पहिली चोच कानामागे बसली. दुसरी कपाळावर. त्यानं डोळे मिटून घेतले; तार कुठे आहे हे बघायची त्याला गरज नव्हती. डाव्या हातानं ती धरली, उजव्या हातानं पक्कड लावली. पंख तोंडावर आपटत होते, गालावरून गरम काहीतरी ओघळत होतं. त्यानं दाब दिला. एकदा निसटली. पुन्हा लावली, सगळा जोर मोडलेल्या बाजूच्या खांद्यातून आला, आणि तार तुटली.

डोळे उघडले तेव्हा तुटलेली तार जाळीवरून खाली लोंबत होती आणि बाई दोन्ही हातांनी जाळी धरून उभ्या होत्या.

"वर काय करतोयस, सव्वीस?" त्यांनी विचारलं. "कुणी सांगितलं चढायला?"

मेहुणा परतला तेव्हा खार छापखान्याच्या पायरीवर बसला होता. शिवणकाम करणाऱ्या बाईनं त्याच्या डोक्याला चिंधी बांधली होती. मेहुण्यानं खांबाकडे बघितलं, तुटक्या तारेकडे बघितलं, आणि शेजारी बसला.

खार म्हणाला, "घरटं मी पाडलं."

"आठवलं?"

"नाही. मला अजून तूच वर दिसतोस. काठीसकट. आयुष्यभर तूच दिसशील बहुतेक." त्यानं चिंधीवरून हात फिरवला. "पण त्यांना काय पडलंय? त्यांनी बघितलं ते बघितलं. मी त्यांचं मानायचं ठरवलंय."

 मेहुण्यानं आपले तळहात एकमेकांवर घासले. कातडी नवीन आली होती, पण गुलाबी आणि गुळगुळीत.

घरी बायकोनं जखमा धुतल्या. धुता धुता त्यानं तिला सगळं सांगितलं. घरट्याचं, भांडणाचं, हॉस्पिटलमध्ये आलेल्या विचाराचं. ती ऐकत होती. मग कापूस बशीत ठेवून म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही घरी आलात आणि हात धूत बसलात. साबण संपेस्तोवर. जेवला नाहीत. मी विचारलं, काय झालं, तर म्हणालात, हाताला ग्रीस लागलंय."

त्यानं विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि ग्रीस नव्हतंच हाताला. मी बघितलं होतं."

त्यानं आठवून बघितलं. मोरी, साबण, पाणी. काहीच दिसलं नाही.

बाईंना पुढे त्यांची भाची आपल्याकडे घेऊन गेली. त्या दुपारचं त्यांच्या वहीत एका ओळीत लिहिलेलं सापडलं: हजेरी घेतली, अकरा गैरहजर. ती गल्ली मेहुण्याकडे गेली. उन्हाळ्यात घरटं दिसलं तर आधी लाइन बंद करायची आणि घरटं झाडावर हलवायचं, असा एक अर्ज दोघांनी मिळून लिहिला. साहेबांनी तो चार महिने दाबून ठेवला. मग एक दिवस सही करून पाठवला, का ते कुणालाच कळलं नाही.

खारनं टेबल सोडलं. ती एक गल्ली वगळून कुठलीही चालेल, असं त्यानं सांगितलं. पहिल्या दिवशी त्याला बाजारामागचा खांब मिळाला. खाली मेहुणा दोर धरून उभा होता. चौथ्या खुंटीवर पाय कापायला लागले. मेहुण्याला ते खालून दिसत होतं, त्यानं दोर फक्त जरा ताठ केला. खार तिथेच थांबला. बाजारातले लोक वर बघून पुढे जात होते. पाच मिनिटं गेली असतील. थरथर कमी झाली, पुरती थांबली नाही. तो चढला.